३६० अंशांत वळणारा लॅपटॉप सोलापुरात कसा टिकतो: कीबोर्ड आणि टचपॅडपुरतं परीक्षण

कन्व्हर्टिबल लॅपटॉपचा कीबोर्ड मेला असं वाटतं तेव्हा अनेकदा तो मेलेला नसतो. मशिननेच त्याला बंद करून ठेवलेलं असतं. साध्या लॅपटॉपपेक्षा या जातीचं दुखणं वेगळं आहे ते इथेच. एवढी गोष्ट माहीत नसल्यामुळे सोलापुरात चांगले कीबोर्ड बदलले जातात, चांगल्या विंडोज पुसल्या जातात आणि लॅपटॉप आठ दिवसांनी पुन्हा तसाच अडतो.

हे परीक्षण एका मॉडेलचं नाही, संपूर्ण जातीचं आहे. एचपीचे एक्स-३६०, लेनोव्होचे योगा, डेलचे टू-इन-वन, आसूसचे फ्लिप ही त्यातली नेहमीची नावं. लेनोव्होने २०१२ मध्ये पहिला योगा आणला तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही: दोन मजबूत बिजागऱ्या, मागे पूर्ण वळणारी टचस्क्रीन, आणि स्क्रीन १८० अंशांच्या थोडी पुढे गेली की कीबोर्ड आणि टचपॅड आपोआप बंद. टॅब्लेटसारखं हातात धरल्यावर बोटं खालच्या बाजूच्या कळांवर पडतात, त्यामुळे हे बंद होणं गरजेचंच आहे. सोय म्हणून ती उत्तम. पण स्क्रीन किती वळली हे मशिनला कळतं कसं, ते समजून घेतलं नाही तर पुढचं सगळं अंधारात चाचपडणं.

बहुतेक मॉडेलांत दोन प्रकारचे सेन्सर मिळून हे काम करतात. एक हॉल सेन्सर, जो चुंबक ओळखतो. झाकण पूर्ण मिटलं किंवा पूर्ण मागे टेकलं की त्याला कळतं. दुसरी अ‍ॅक्सेलरोमीटरची जोडी, म्हणजे कल मोजणारे दोन सेन्सर, एक स्क्रीनच्या भागात आणि एक खालच्या भागात. दोघांच्या कलातला फरक काढून मशिन बिजागरीचा कोन ठरवतं. स्क्रीनमधल्या सेन्सरची वायर बिजागरीतूनच खाली येते. रोज उघडझाप होऊन ती वायर थकली की सेन्सर खोटं बोलायला लागतो. लॅपटॉप टेबलावर शंभर अंशांत उघडा असतो आणि मशिनला वाटतं आपण टॅब्लेट आहोत. मग कीबोर्ड आणि टचपॅड दोन्ही एकदम गप्प होतात. टचस्क्रीन मात्र झकास चालते.

‘दोन्ही एकदम’ ही खूण लक्षात ठेवा. बहुतेक लॅपटॉपमध्ये आतला कीबोर्ड पीएस/२ पद्धतीने एम्बेडेड कंट्रोलरमार्फत (कीबोर्ड आणि वीज सांभाळणारी छोटी चिप) जोडलेला असतो आणि टचपॅड आय-टू-सी नावाच्या वेगळ्या मार्गाने. दोन वेगळ्या वाटांवरच्या वस्तू एकाच क्षणी बिघडणं विरळा. दोन्ही एकत्र गेले तर संशय आधी कोनाच्या सेन्सरवर घ्यायचा. फक्त कीबोर्ड गेला किंवा फक्त टचपॅड गेला तर तपास वेगळा.

कोनाची तपासणी घरी पाच मिनिटांत होते आणि तिला स्क्रूड्रायव्हरसुद्धा लागत नाही. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले उघडा आणि ‘रोटेशन लॉक’ बघा. लॅपटॉप नेहमीसारखा उघडा असताना बऱ्याच कन्व्हर्टिबलवर हे बटण फिकट, न दाबता येणारं असतं. ते दाबता येत असेल तर मशिन स्वतःला टॅब्लेट समजतंय. विंडोज ११ मध्ये आणखी एक खूण दिसते: टॅब्लेट झाल्यावर खालच्या पट्टीवरचे आयकॉन एकमेकांपासून किंचित लांब सरकतात. आता स्क्रीन अगदी हळू मागे न्या, पुन्हा पुढे आणा आणि त्या आयकॉनवर नजर ठेवा. ते १८० च्या पुढेच हलले तर सेन्सर ठीक आहे. नव्वद-शंभर अंशांवर स्क्रीन जरा हलवली की फुलताहेत-मिटताहेत असं दिसलं, तर बिजागरीतली वायर किंवा सेन्सर हेच दुखणं. कीबोर्ड बदलून ते जाणार नाही.

रजिस्ट्री उघडायची सवय असेल त्यांनी एचकेएलएमखाली सिस्टिम, करंट-कंट्रोल-सेट, कंट्रोल, प्रायॉरिटी-कंट्रोल या वाटेने जाऊन ‘कन्व्हर्टिबल स्लेट मोड’ ही किंमत बघावी. १ म्हणजे लॅपटॉप, ० म्हणजे टॅब्लेट. बिजागरी हलवून एफ५ दाबत राहिलं की सेन्सर काय सांगतोय ते आकड्यात दिसतं. ती किंमत हाताने बदलून मात्र कीबोर्ड चालू होईल अशी आशा ठेवू नका, कारण बहुतेक मशिनांत कळा बंद करण्याचं काम विंडोजच्या खालचं फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच भरलेला प्रोग्रॅम, करतं.

चुंबकाचा त्रास याच घरातला. मोबाइलचं चुंबकी फ्लिप कव्हर, चुंबकी पट्ट्याचं घड्याळ, पर्सचं चुंबकी बटण, किंवा एका लॅपटॉपवर ठेवलेला दुसरा लॅपटॉप, यांपैकी काहीही हॉल सेन्सरच्या जागी आलं तर स्क्रीन काळी पडते किंवा कीबोर्ड झोपतो. वस्तू बाजूला केली की सगळं सुरळीत. दुकानात नेल्यावर लॅपटॉप चालतो आणि घरी आणला की बंद पडतो, अशी तक्रार असेल तर आधी टेबलावर आणि मनगटावर काय आहे ते बघा.

सेन्सर बरोबर निघाला तर पुढची पायरी पूर्ण वीज काढण्याची. इथे एक गफलत सर्रास होते. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असतं, त्यामुळे नुसतं शट डाउन केल्यावर ड्रायव्हरची जुनी अवस्था जपून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत येते. शिफ्ट दाबून ठेवून शट डाउनवर टिचकी मारा, म्हणजे मशिन खरंच बंद होईल. चार्जर काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून सुरू करा. एम्बेडेड कंट्रोलर अडकला असेल तर तो एवढ्यानेच सुटतो. कीबोर्ड चालत नसताना पिन कशी टाकायची? टचस्क्रीन आहेच. लॉगिनच्या स्क्रीनवर उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या चिन्हातून ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडतो. कन्व्हर्टिबलचा हा फायदा साध्या लॅपटॉपला नाही.

त्यानंतर विंडोजच्या बाहेर चाचणी घ्यायची. एचपीवर चालू करताना एस्केप आणि मग एफ२, डेलवर एफ१२ मधून डायग्नोस्टिक्स, लेनोव्हो आणि आसूसच्या बहुतेक मॉडेलांवर एफ२ ने बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारी मशिनची स्वतःची सेटिंग. तिथे बाणांच्या कळा चालल्या तर निदान त्या कळा आणि कीबोर्डची जोडणी जिवंत आहे, दोष विंडोजच्या बाजूचा. पण स्क्रीन सरळ, १८० च्या आत ठेवूनच ही चाचणी करा. विंडोजच्या आत ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडून एकेक कळ दाबत गेलात तर जी कळ पोचते ती स्क्रीनवर उजळते. मेलेल्या कळा कागदावर लिहा. एकटीदुकटी कळ गेली असेल तर तिच्याखाली कचरा आहे किंवा कात्री, म्हणजे कळेला वरखाली करणारा प्लॅस्टिकचा सापळा, मोडली आहे. पाच-सहा कळांचा गट एकत्र गेला असेल तर कळांखालच्या तारांच्या जाळीतली एखादी रेघ किंवा पट्टीची केबल बिघडली आहे. ही यादी कारागिराच्या हातात दिलीत तर त्याचा अर्धा वेळ वाचतो.

सेटिंगमधले घोटाळे झटपट सांगतो. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबली गेली की फिल्टर कीज चालू करायची चौकट येते. चुकून ‘हो’ म्हटलं की कळा मंद होतात किंवा झटकन दाबलेलं उमटतच नाही. टचपॅड बंद-चालू करणारी एफ-कळ चुकून दाबली जाते. ‘माउस जोडल्यावर टचपॅड चालू ठेवा’ ही खूण काढलेली असेल, तर वायरलेस माउसचा डोंगल मागे लागलेला राहिला तरी टचपॅड मेल्यासारखा दिसतो. मराठी टायपिंग करणाऱ्यांनी विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बघावी. इन्स्क्रिप्ट (मराठी कळांची मांडणी) राहिलं आणि पासवर्ड चुकू लागला, की कीबोर्डवर खापर फुटतं.

आता टचपॅड, आणि इथे सोलापूरचं हवामान मध्ये येतं. कर्सर आपोआप उड्या मारतो, दोन बोटांनी पान सरकवताना झूम होतं, टिचकी दोनदा लागते, या तक्रारी असतील तर पहिलं काम म्हणजे चार्जर काढून बॅटरीवर दोन मिनिटं चालवून बघणं. कर्सर शांत झाला तर टचपॅड निर्दोष आहे, दोष वीजपुरवठ्याकडे. टचपॅड बोटाचा सूक्ष्म विद्युत परिणाम मोजतो. चार्जरच्या आतून थोडी गळती लॅपटॉपच्या अंगावर येतेच, ती अर्थिंगमधून जमिनीत जायला हवी. अर्थिंग नसेल तर ती तुमच्या बोटातून वाट काढते, मोजमाप बिघडतं आणि धातूच्या कडेवर हात फिरवला की बारीक झिणझिण्या येतात. अशा वेळी मल्टिमीटरने लॅपटॉपचा धातू आणि खरी अर्थ यांच्यात मोजलं तर शंभराच्या आसपास व्होल्ट दिसू शकतात. प्रवाह अगदी थोडा असतो, पण टचपॅडला वेड लावायला तेवढा पुरतो.

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो, जमीन कोरडी ठाक पडते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल संपते. पावसाळ्यात ठीक चाललेला टचपॅड उन्हाळ्यात बिघडला तर हे कारण आधी तपासा. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर बरं. खूप जास्त असेल तर दोष अर्थिंगचा की न्यूट्रलचा ते त्याच्याकडून तपासून घ्या, आणि अर्थिंगच कमजोर निघालं तर खड्ड्यात पाणी घालावं लागेल. नळाला रोज पाणी येत नाही अशा शहरात हे सांगणं जिवावर येतं, पण भाजी धुतलेलं पाणीही चालतं. आणि चार्जरची तिसरी पिन कापून दोन पिनांच्या एक्स्टेन्शनमध्ये खुपसणं आजच थांबवा. दोन पिनांचे टाइप-सी चार्जर आणि स्वस्त नकली चार्जर हेही याच त्रासाचे धनी.

चार्जर काढूनही कर्सर उडत असेल तर या जातीत आणखी एक शक्यता असते: दोष टचपॅडचा नसून टचस्क्रीनचा. स्क्रीनच्या कोपऱ्यात खोटा स्पर्श नोंदला गेला की कर्सर तिकडे उडी मारतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ह्यूमन इंटरफेस डिव्हाइसेसखाली ‘एचआयडी कम्प्लायंट टच स्क्रीन’ तात्पुरती बंद करा. कर्सर स्थिर झाला तर टचपॅडला हात लावायची गरज नाही. घामेजलेलं बोट हेही उन्हाळ्यातलं साधं कारण. हात पुसून बघा.

टचपॅड मुळीच चालत नसेल तर त्याच यादीत ‘आय-टू-सी एचआयडी डिव्हाइस’ शोधा. त्यावर पिवळा त्रिकोण आणि ‘कोड १०’ दिसला तर ते उपकरण अनइन्स्टॉल करून ‘स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस’ करा. पुन्हा तेच आलं तर कंपनीच्या साइटवरून तुमच्या नेमक्या मॉडेलचा इंटेल सिरियल आयओ ड्रायव्हर घाला. एएमडीवाल्यांना चिपसेट ड्रायव्हर.

ड्रायव्हरवरून फॉरमॅटचं बोलायलाच हवं. ‘फॉरमॅट मारून देतो’ हा दुकानांतला सरधोपट उपाय कन्व्हर्टिबलला बाधतो. कोरी विंडोज टाकली की इंटेलचा एचआयडी इव्हेंट फिल्टर आणि सेन्सरचा इंटिग्रेटेड सेन्सर सोल्यूशन हे ड्रायव्हर राहून जाऊ शकतात. मग स्क्रीन फिरत नाही किंवा मशिन टॅब्लेटमध्ये अडकतं, म्हणजे नव्हता तो दोष पैसे देऊन आणला. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे सध्या विंडोज ११ टाकून घेणारे बरेच आहेत. त्यांनी फॉरमॅटआधी आपल्या मॉडेलचे सगळे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावेत. लिनक्स वापरणाऱ्यांच्या बाबतीत हा संशय ‘इंटेल व्हीबीटीएन’ या मॉड्यूलवर घ्यायचा. काही मशिनांवर ते चुकीचा टॅब्लेट-संकेत देतं. ते उतरवून कीबोर्ड परत आला तर कारण सापडलं.

सगळ्यात गंभीर दुखणं बॅटरी फुगण्याचं. बऱ्याच कन्व्हर्टिबलमध्ये बॅटरी पाम-रेस्टच्या, म्हणजे मनगट टेकतो त्या भागाच्या बरोबर खाली असते, आणि चाळिशीच्या उन्हाळ्यात हीच जागा सांभाळायची. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायचे असतात. उष्णता आणि सतत १०० टक्के चार्ज यांनी आतल्या द्रवाचं विघटन होऊन वायू तयार होतो आणि पाकीट फुगतं. पहिलं लक्षण टचपॅडवरच दिसतं: टिचकी कडक होते, मग एका बाजूने लागतच नाही, मग टचपॅडची कड पाम-रेस्टच्या वर येते. नख फिरवून बघा, सपाट लागायला हवं. लॅपटॉप मिटून काचेच्या टीपॉयवर ठेवा आणि कोपरे दाबा. डुलला तर संशय पक्का. असं दिसलं की चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, टचपॅड दाबून बसवायचा प्रयत्न अजिबात करू नका आणि बॅटरी बदलून घ्या. फुगलेली बॅटरी टोचली गेली तर पेट घेते, म्हणून ती घंटागाडीत टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. टचपॅड बदलायला पैसे मागितले जात असतील तर ‘आधी मागचं झाकण उघडून बॅटरी दाखवा’ असं स्पष्ट म्हणा.

बॅटरी टिकवायची तर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा, आणि लॅपटॉप चादरीवर ठेवून वापरू नका. सोलापुरी चादर जाड, उबदार. लॅपटॉपच्या पोटाखालच्या जाळ्या ती पूर्ण बंद करते. टर्किश टॉवेल तर आणखी वाईट, कारण त्याची लव सुटते. यंत्रमागाच्या शेडजवळच्या घरांत ही सुती लव हवेतही असते. पंख्याच्या जाळीवर तिचा करड्या नमद्यासारखा थर बसतो, आणि टचपॅडच्या खालच्या फटीत शिरलेली लव टिचकीला अडवते. जाड कागदाचा कोपरा फटीतून फिरवला तरी ती निघते. ब्लोअर मारायचा असेल तर पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग जातं.

खाण्याचंही सांगायला हवं. शेंगाचटणी आणि कडक भाकरी. भाकरीचा चुरा कोरडा असतो, लॅपटॉप उलटा करून हलक्या हाताने थोपटला की पडतो. शेंगाचटणीचं तसं नाही. दाण्याचं तेल सुटलेला तो लालसर कण कळेच्या कात्रीत बसला की चिकटतो, हवेने हलत नाही, आणि त्यावर लव बसून घट्ट गोळी होते. कळ दाबताना रबरासारखी लागते आणि वर यायला रेंगाळते. त्याला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानकाडी. काडी निथळून, ओलसर करून कळेच्या चारी कडांनी फिरवा, कळ वीसेक वेळा दाबा, पुसा, पुन्हा फिरवा. मशिन बंद हवं. कळेचं टोपण उपटायच्या फंदात पडू नका, कात्रीचे कान अगदी नाजूक असतात.

चहा सांडला तर मामला घाईचा. साखर वाळली की जाळीतल्या रेघा एकमेकींना जोडते, एक कळ दाबली की तीन अक्षरं उमटतात. पॉवर बटण दाबून ताबडतोब बंद करा, चार्जर काढा, मग साधारण नव्वद अंशांत उघडा लॅपटॉप तंबूसारखा उलटा ठेवा, कीबोर्ड आत, खाली तोंड करून. कन्व्हर्टिबलची नेहमीची, स्क्रीन मागे वळवलेली तंबूची मुद्रा इथे नको, तिच्यात कीबोर्ड बाहेर तोंड करतो. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही. वाळत ठेवण्यापेक्षा त्याच दिवशी उघडून बॅटरी सुटी करून घेणं चांगलं. साध्या वॉरंटीत सांडलेलं धरत नाहीत, त्याला अपघाती नुकसानीचं वेगळं कवच लागतं.

दुरुस्तीच्या सोयीत ही जात मला पसंत नाही, हे ठामपणे लिहितो. अनेक मॉडेलांत कीबोर्ड पाम-रेस्टच्या तुकड्याला, म्हणजे कारागीर ज्याला सी-पॅनल म्हणतात त्याला, प्लॅस्टिकच्या वितळवलेल्या रिव्हेटांनी कायमचा बसवलेला असतो. कंपनी पूर्ण पॅनल बदलते, महाग पडतं. बाहेर सुटा कीबोर्ड घालताना डझनावारी रिव्हेट कापून पुन्हा वितळवावे लागतात. काम नीट झालं तर वर्षानुवर्षं टिकतं. घाईने झालं तर मधल्या कळा दाबताना कीबोर्ड खाली दबतो. म्हणून काम देण्याआधी विचारा: पूर्ण पॅनल घालणार की सुटा कीबोर्ड, रिव्हेट कशाने बसवणार, जुना भाग परत देणार का, आणि भागाची आणि मजुरीची किंमत वेगळी लिहून देणार का. उघडताना रबरी पायांखाली दडलेले स्क्रू असतात, तेही परत सगळे लागले का बघा. लांब स्क्रू आखूड जागी लावला तर तो खालून टचपॅडला टेकतो आणि टिचकी कायमची अडकते. टचपॅडची पट्टी-केबल मात्र आधी नुसती काढून, टोकं अल्कोहोलने पुसून, खटका उघडून पुन्हा बसवायला सांगा. तेवढ्यानेही टचपॅड परत येऊ शकतो.

मग घ्यावा का? स्क्रीनवर पेनने लिहिणारे विद्यार्थी, शिकवणारे, चित्र काढणारे यांनी जरूर घ्यावा, वळणाऱ्या स्क्रीनचा त्यांना रोज उपयोग आहे. दिवसभर टॅली आणि जीएसटीची विवरणं भरणाऱ्या ऑफिसांनी घेऊ नये. तिथे बिजागरी कधी १२० अंशांपुढे जात नाही, आणि सेन्सर, वायर, रिव्हेट यांचा भुर्दंड मात्र पदरी पडतो.

जुना घेणार असाल तर दुकानातच स्क्रीन शून्यापासून ३६० पर्यंत तीनदा हळू फिरवा. बिजागरीजवळचा कोपरा उकलतो का, कुरकुर येते का ते ऐका. ११० अंशांवर थांबून एक ओळ टाइप करा, स्क्रीनला मागून बोटाने हलके ठोके द्या आणि टायपिंग थांबतं का बघा. मग टचपॅडच्या चारही कोपऱ्यांवर टिचकी मारा, कडेवरून नख फिरवा, चार्जर लावून तेच पुन्हा करा.